स्वरूपाच्या नावावरचा फ्लॅट

दिग्विजय रणवरे मूळचे सणसरचे, पण उभा जन्म गेला वालचंदनगरच्या कंपनीत. साखर कारखान्याची यंत्रं बनवायची, ती देशोदेशी पाठवायची आणि तिथं जाऊन उभी करून द्यायची, हे त्यांचं काम. वीसेक वर्षांपूर्वी थायलंडात कांचनबुरीला एक कारखाना उभा करायला त्यांना पाठवलं. बरोबर निमगाव केतकीचा अकबर मुलाणी होता, हाताखालचा फिटर. दोघं तिथं दोन वर्षं राहिले. अकबर तिथल्या कामगारांत मिसळून त्यांची भाषा तोडकीमोडकी बोलायलाही शिकला.

मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी स्वरूपाबाई इकडं क्वार्टरमध्ये एकट्या. शेवटी साहेबांनी त्यांना महिनाभर तिकडं बोलावून घेतलं आणि सुट्टीला हुआ हिनच्या समुद्रावर नेलं. बाईंनी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्या पाण्यात उभ्या राहिल्या त्या बाहेर यायलाच तयार होईनात. "अहो, हितंच ऱ्हाऊ की," असं हसत म्हणाल्या. ते एक वाक्य दिग्विजयरावांच्या मनात घर करून बसलं.

रिटायर झाल्यावर दोघं बारामतीत फ्लॅटवर राहायला आले. एका रविवारी तिथल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी घरांचं प्रदर्शन लागलं होतं. दिग्विजयराव सहज म्हणून गेले आणि भिंतीवर हुआ हिनचा फोटो बघून खिळलेच. शिवम नावाचा एक तरतरीत एजंट होता, पुण्याचा. त्यानं खुर्ची दिली, चहा दिला.

"काका, परदेशी लोकांना मालकीनं देण्याचा कोटा त्या इमारतीत भरलाय," तो म्हणाला. "पण लीजवर मिळेल. तीस वर्षं, मग पुन्हा तीस, मग पुन्हा तीस. म्हणजे मालकीच झाली की! आणि वकिलाची पळापळ नको. आमचा तिथला वकील सगळं बघतो. तुम्हाला एक पैसा खर्च नाही."

घरी येऊन त्यांनी स्वरूपाबाईंना सांगितलं. बाई आधी हरखल्या. मग भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अकबरभाईंच्या अस्माला एकदा दाखवूया का? एवढी वकील झालीय पोरगी."

अस्माचं ऑफिस बारामतीत कोर्टाजवळच, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. शिवमनं दिलेला कराराचा मसुदा तिनं दोन दिवस ठेवून घेतला आणि मग दोघांना बोलावलं.

"काका, खरं सांगते, मला तिथला कायदा येत नाही. त्यामुळं हे बरोबर का चूक, मी सांगू शकत नाही. पण हा वकील विकणाऱ्याचा आहे. त्याची फी विकणारा देतो. उद्या काही अडलं तर तो कुणाकडून बोलेल? तुम्ही तिथलाच, पण तुमचा स्वतःचा वकील करा. बँकॉकच्या एका वकीलबाईंशी मी बोललेय. त्या कुठल्याच बिल्डरचं काम घेत नाहीत. कागद वाचून काय बदलायचं ते सांगतील."

"किती दिवस लागतील?"

"दोन-तीन आठवडे."

"तोवर तो फ्लॅट जाईल," दिग्विजयराव म्हणाले. शिवमनं तसं बजावलंच होतं. शिवाय आपल्या हाताखालच्या माणसाची मुलगी आपल्याला थायलंड शिकवते आहे, हे त्यांना कुठंतरी बोचलं. "अस्मा, मी दोन वर्षं काढलीत तिथं. माणसं सरळ आहेत ती. तू काळजी करू नको."

अस्मानं मसुदा परत दिला. जिना उतरताना स्वरूपाबाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी काय बिघडणार होतं?"

"तू पण ना!" असं म्हणून त्यांनी रिक्षाला हात केला.

सही करायच्या दिवशी नावाचा प्रश्न निघाला. "दोघांची घाला की," बाई म्हणाल्या. दिग्विजयराव ऐकेनात. आधी कंपनीचं क्वार्टर, मग नवऱ्याच्या नावाचा फ्लॅट. बाईंच्या स्वतःच्या नावावर जन्मात काही झालं नव्हतं. "हे तुझं. एकटीचं," ते म्हणाले. शिवमही लगेच म्हणाला, एक नाव असलं की काम सोपं होतं. बाईंनी मान खाली घालून सही केली. डोळे भरून आले होते त्यांचे. ते बघून दिग्विजयरावांना वाटलं, आयुष्यात एक काम तरी आपण चोख केलं.

दोन हिवाळे ते तिथं राहिले. बाईंनी बारामतीहून कापड नेऊन पडदे शिवले. खाली काउंटरवर बसणाऱ्या बाईशी त्यांची गट्टी जमली. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी अर्धा अर्धा तास बोलत बसायच्या. स्वरूपाबाई तिला शेंगदाण्याचे लाडू द्यायच्या आणि ती यांना कसली कसली फळं द्यायची. संध्याकाळी नवराबायको वाळूवरून चालत जायचे. पुढच्या वर्षी अकबरभाई आणि त्यांची बायको फरजाना यांना घेऊन येऊ, असं बाईंनी ठरवूनही टाकलं होतं.

तो पुढचा हिवाळा आलाच नाही. उन्हाळ्यात एका सकाळी बाईंच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, पण दुपार काही त्यांनी पाहिली नाही.

महिना-दीड महिना दिग्विजयराव घराबाहेर पडले नाहीत. मग त्यांना वाटायला लागलं, आपण हुआ हिनला जाऊन राहावं. तिथं ती जास्त आहे. म्हणून त्यांनी फ्लॅट विकणाऱ्या कंपनीला कळवलं की बायको वारली, फ्लॅट आता माझ्या नावावर करा.

उत्तर आलं ते शिवमनं दिलेल्या त्याच वकिलाचं, ज्याला ते आजवर 'आपला वकील' म्हणत आले होते. आता तो त्या कंपनीच्या वतीनं लिहीत होता. लीज सौ. रणवरे यांच्या नावे होतं, त्यांच्या मृत्यूबरोबर ते संपलं, सामान हलवावं.

त्यांनी शिवमला फोन केला. त्यानं ती नोकरी कधीच सोडली होती. "काका, मी आता गाड्यांच्या शोरूमला आहे," तो ओशाळून म्हणाला.

दिग्विजयराव पुन्हा अस्माच्या ऑफिसचा जिना चढले. ती काय बोलेल याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. तिनं मात्र उठून खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, आणि त्यांच्यासमोरच बँकॉकच्या बाईंना फोन लावला. बराच वेळ बोलणं चाललं. मग तिनं फोन ठेवला.

"काका, तिथं लीज माणसाबरोबर संपतं. वारसाला हक्क मिळावा असं करारात वेगळं लिहून घ्यावं लागतं. आणि ते पुढचं तीस-तीस वर्षांचं नुसतं आश्वासन होतं. भांडायला जागा फार कमी आहे, असं त्या म्हणतात."

"त्या बाईंनी तेव्हा कागद बघितले असते तर?"

अस्मा टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

"सांग बाळा."

"वारसाचं कलम त्यांनी सगळ्यात आधी घालायला लावलं असतं. आणि नावं दोघांची." अस्मा म्हणाली. "मी तेव्हा अजून आग्रह धरायला पाहिजे होता, काका. तुम्ही मोठे, म्हणून गप्प बसले."

"तुझी काकू बोलली होती की जिना उतरताना," दिग्विजयराव म्हणाले. "मी रिक्षाला हात केला."

बँकॉकच्या बाईंनी कंपनीशी भांडून एवढंच मिळवलं, की सामान काढायला महिनाभराची मुदत. दिग्विजयराव एकटेच निघाले होते, पण अकबर बॅग घेऊन दारात उभा. "तुमी एकटं कसं आवरताय साहेब? मी हाय की," म्हणाला.

फ्लॅटचं दार उघडलं तर आत बंद घराचा वास होता. स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा तसाच, दाराशी बाईंच्या रबरी चपला. दिग्विजयराव बाल्कनीत जाऊन बसले ते उठेनात. समुद्र समोरच होता. अकबरनं एकट्यानं भांडी बांधली, कपडे भरले.

"पडदे राहूंदे," दिग्विजयराव बाल्कनीतूनच म्हणाले. "कुठं लावायचे आता?"

"न्हाय साहेब. वहिनीसाहेबांच्या हातचं हाय ते. दुसऱ्याच्या घरात कशापायी ठेवायचं?" अकबर स्टुलावर चढला. मग दिग्विजयराव उठले आणि त्यांनी खालून टोक धरलं. एकेक पडदा उतरला, तसं घर उघडं पडत गेलं.

खाली काउंटरवर ती बाई होतीच. यांना बघून तिचा चेहरा फुलला. उठून ती त्यांच्या मागं बघायला लागली, लिफ्टकडं. "मॅडम?" तिनं विचारलं.

दिग्विजयरावांनी किल्ली काउंटरवर ठेवली. अकबर पुढं झाला आणि आपल्या मोडक्या थाईत हळूहळू काहीतरी सांगू लागला. बाईनं तोंडावर हात धरला. नंतर ती काउंटरच्या बाहेर आली आणि दोन्ही हात जोडून दिग्विजयरावांसमोर वाकली.

बाहेर गाडीवाला थांबला होता. अकबरनं सामान ठेवलं. पडद्यांचं गाठोडं दिग्विजयरावांनी डिकीत ठेवू दिलं नाही. ते मांडीवर घेऊनच बसले.