ढिल्या तारा

रोज तेच होऊन राहिलं होतं. कॉलेजात आमचा पहिला तास इंग्रजीचा, मग संगीताचा. तोवर व्हायोलिन संगीताच्या खोलीत ठेवायचे. मी केस उघडली का चारही तारा ढिल्या! रात्री घरी मीच सुरात लावलेल्या.

माही मैत्रीण नीतू, तिच्याशिवाय दुसरं कोण करन? वार्षिक कार्यक्रमात सोलो मले भेटला, तिले नाही. आन् इंग्रजीच्या तासातून पाणी प्यायच्या नावानं तीच बाहेर जाते. ती कोणाशीही हसली तरी मले वाटे, मलेच हसून राहिली. सोमवारी माह्याच्यानं राहवलं नाही. सगळ्या क्लाससमोर तिले विचारलं, "मेरे तार तू ही ढीले करती है ना?"

ती आपलं व्हायोलिन उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली. तारा तरी ढिल्याच राहिल्या. मी म्हटलं, आता सूड घेऊन राहिली.

आज रविवार. रियाज आटोपून मी आंघोळीले गेली. बाहेर येऊन पाह्यलं तं बाबा माहं व्हायोलिन मांडीवर घेऊन खुंट्या फिरवून राहिले होते. झोपलेल्या लेकराचे बूट काढावे, तसे अलगद.

"बाबा! हे काय करून राहिले तुमी?"

"मी तं रोजच करतो बेटा. प्लांटमदी मशीन बंद झाली का आमी पट्टा ढिला सोडतो. तारेले भी आराम पाह्यजे ना."

त्यायनं शेवटची खुंटी फिरवली.

"आन् नीतू कावून येत नाही वं घरी? भांडली काय ते तुह्यासंगं?"