कागद कापलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कात्री म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दप्तरातली ती रंगीत मुठीची चिमुकली आली असेल, तर तिला आधी बाजूला ठेवा. दोन पुठ्ठे कापले की तिचा जीव दमतो. मी शिंपीकामाची कात्री. अकरा इंच लांब, अस्सल पोलादाची. नवख्या हाताला अर्ध्या तासात कळ लावते.

लोहाराने मला भट्टीत तापवलं, घणाखाली बडवलं, पाणी दिलं आणि शेवटी ओल्या मलमलीची चार पदरी घडी माझ्यापुढे धरली. मी ती एका दमात कापली. एकही धागा ओढला गेला नाही. लोहार नुसता हसला. त्याला बोलायची सवय नव्हती. ती सगळी माझ्या वाट्याला आली.

तिथून मी आले ती कपडे शिवायच्या दुकानात. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. माझी मालकीण म्हणजे दुकानाच्या मास्तरीणबाई. शाळा तिसरीपर्यंत. पण माणूस दारातून आत येईतो त्याच्या छातीचं माप सांगून मोकळ्या व्हायच्या. चाळीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हातात होते. कोट, सदरे, झगे, पडदे, काय काय कापलं त्याची गणती नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाईंच्या हाताला वळण आहे." असेल हाताला. कापत मी होते.

घरात कायदा एकच होता. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. कागदाने धार मरते. एकदा बाईंच्या यजमानांनी माझ्याने एक पाकीट उघडलं. बाई चार दिवस त्यांच्याशी फक्त मापांपुरतं बोलल्या.

मग घरात सून आली. हात चांगला होता, काजं तर मोजून एकसारखी करायची. पण लक्ष आभाळात. तिला कादंबरी लिहायची होती, आणि तीही विज्ञानाची. तीनशे माणसं एका जहाजात बसून दुसऱ्या ग्रहावर निघालेली, सत्तर वर्षांच्या प्रवासाला! सकाळी दुकान उघडायच्या आधी ती कापायच्या टेबलावर तासभर लिहायची. दिवसा मनात लिहायची. ते मला लगेच कळायचं, कारण बटण चुकीच्या जागी लागायचं. माप द्यायला आलेल्या वायरमनला म्हणायची, "हात वर करा. आणि काहो, हवा नसलेल्या जागी ठिणगी पडते का?" तो बिचारा हात वर करून विचार करत उभा. बाई आतून ओरडायच्या, "सूनबाई, ग्रहावर पोचली असशील तर खाली ये. गिऱ्हाईक खोळंबलंय!"

दोन प्रकाशकांनी कादंबरी परत पाठवली. तिसऱ्याने पत्र लिहिलं, की कल्पना चांगली आहे, पण मधला भाग पकड घेत नाही. पुष्कळ कमी करून, नीट बांधून पंधरा दिवसांत पाठवलीत तर पुन्हा वाचू. त्या दिवशी सून मला पुसता पुसता पुटपुटली, "ही परत आली की वह्या बंद. बस झालं." नवऱ्याला सांगितलं नाही, सासूला नाही. मला सांगितलं. मी कुणाला सांगणार?

दुसऱ्या दुपारी बाई कपडे पोचवायला गेल्या. सुनेने सगळी पानं टेबलावर मांडली. परिच्छेद सुटे करायचे आणि नव्या क्रमाने चिकटवायचे, असा बेत होता. पण कागदाची कात्री खिळा निखळून पडलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आणि तिने मला उचललं.

दोनशे दहा पानं, मित्रांनो! कापली मी सरळच, वाकडं कापणं माझ्या रक्तात नाही. पण पानागणिक धार चालली होती आणि मला ते कळत होतं.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी पसारा बाजूला सारून कोटाचं रेशमी अस्तर पसरलं आणि मला हातात घेतलं. मी रेशीम चावलं. आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी मला उजेडात धरून पात्यावर अंगठा फिरवला.

"कागद?"

"हो, आई."

"किती?"

"सगळाच."

मला वाटलं, आता छप्पर उडतंय. पण बाईंनी खुर्ची ओढली. "माझी कात्री खाल्लीस, ती कशापायी ते तरी बघू दे." अक्षरांखाली बोट फिरवत त्या सावकाश वाचू लागल्या. एका तरुणाचा जहाजाबाहेर घालायचा पोशाख फाटतो. तो सुईदोऱ्याने शिवतो, पुन्हा बाहेर जातो आणि जहाज वाचवतो, असा तो भाग होता.

बाईंनी चष्मा काढला. "हा मेला की गं."

"नाही आई, वाचतो तो."

"कसा वाचेल? सुई गेली तिथं भोक पडलं. टाक्याटाक्यातून हवा चाललीये आणि हा निघालाय जहाज वाचवायला! शिंप्याच्या घरात राहून हे लिहिलंस? रेनकोटाच्या शिवणीला आपण काय करतो?"

"आतून पट्टी चिकटवतो," सून हळूच म्हणाली.

"आणि हा पोरगा कशाला शिवतोय? जहाजावरचे ते दोघे शास्त्रज्ञ तीन-तीन पानं बोलतात, बटण एकालाही लावता येत नाही. तीनशे माणसं, सत्तर वर्षं. कपडे उसवले की जातात कुणाकडे?"

सुनेने पानं भराभर चाळून पाहिली. दोन वर्षं तिने इंजिनं मोजली, ग्रह मोजले, आणि जहाजावर शिंपीच घ्यायला विसरली. अशी चूक शिंप्याच्याच घरात होते. रोजचं काम डोळ्यांना दिसेनासं होतं.

बाईंनी मला स्वतःच्या हाताने तिच्यापुढे सरकवलं. "घे. धार गेलीच आहे. त्या दोघांची बडबड आधी काप."

मग एक म्हातारी शिंपीण त्या जहाजावर चढली. तोंडाची फटकळ, कामाची पक्की. तिच्याभोवती मधला भाग घट्ट बसला. कादंबरी वेळेत गेली आणि मी धारवाल्याकडे गेले.

महिन्याने पत्र आलं. सुनेने मोठ्याने वाचलं, "कादंबरी आवडली. फक्त ती शिंपीण फार तोडून बोलते. तिला जरा मऊ करा, मग छापू."

बाई खडूने रेघ ओढत होत्या. कापड संपलं तरी खडू टेबलावर चालतच राहिला. मग म्हणाल्या, "कर मऊ. तुझं पुस्तक निघू दे, बाई. म्हातारीचं काय एवढं!" ही बाई मापात कुणाला पाव इंच सोडत नसे. तिची ती पहिली माघार मी पाहिली.

सुनेने त्याच टेबलावर उत्तर लिहिलं. "ती मऊ असती तर जहाज पोचलंच नसतं. घ्यायची तर तिच्यासकट घ्या."

"वेडी आहेस. परत येईल," बाई म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता.

तीन आठवडे काहीच कळलं नाही. त्या दिवसांत सुनेचं एकही बटण चुकलं नाही, आणि मला ते बघवेना. चौथ्या आठवड्यात दोन ओळी आल्या. तिच्यासकट घेतली होती.

आता पुस्तक दुकानात खणाच्या वर उभं असतं. बाई माप घेता घेता गिऱ्हाईकाला बजावतात, "पान अठ्ठ्याण्णव वाचा. तिथून खरी सुरुवात आहे." सून दुसरी कादंबरी लिहितेय आणि कच्ची पानं आधी सासूला दाखवतेय. माझं पातं धारेपायी थोडं अरुंद झालंय, पण रेशीम अजून एका दमात कापते.

तुमच्याही घरात एखादी जुनी कात्री असेल. तिला ओलीत ठेवू नका, खिळ्याला महिन्यातून तेलाचा थेंब द्या, धार गेली तर धार लावून आणा. तेवढ्यावर ती तुमच्या नातवंडांनाही पुरेल. फक्त तिला मऊ करायला जाऊ नका. मऊ कात्री घेऊन काय करणार आहात?