चांदी तुम्ही ठेवा

ईट गावच्या ईरण्णाचा मुलगा बंडप्पा, बंडप्पाचा सिद्रामप्पा, आणि सिद्रामप्पाची एकुलती एक लेक शलोमी. या ओळीतले शेवटचे नाव ऐकून परका माणूस दचकत असे. पहिले दोघे लिंगायत रीतीने गळ्यात इष्टलिंग बांधून जगले आणि तेच तळहातावर घेऊन मातीत गेले. सिद्रामप्पाने मात्र बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी त्याला विहीर बंद केली, वाट बंद केली. पण मरेपर्यंत त्याने प्रार्थनेचा एक रविवार चुकवला नाही. शलोमी त्याच घरात वाढली आणि गावाची सुईण झाली.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. हत्यारबंद टोळ्यांच्या धास्तीने निम्मे गाव संस्थानाची सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेले होते. शलोमी भाकरी थापत असताना शेजारची रुद्रम्मा ऊर बडवीत दारात आली.

“शलोमे, नागम्मा आक्काच्या गळ्यातला देव वढून नेला गं मेल्यांनी! चांदीच्या डबीसकट!”

“आन् काकू?”

“जित्ती हाय. पर कालपास्नं पान्याचा थेंब घेईना. म्हनती, लिंग गेलं, आता जीव ठिवून काय करू?”

भाकरी शलोमीच्या हातातून चुलीत पडली.

नागम्मा तिची चुलती. शलोमीला जन्म देऊन आई गेली, तेव्हा बाटग्याच्या पोरीला कुणी शिवू नये असा पंचांचा हुकूम होता. नागम्माने एका अंगाला आपला तान्हा लेक घेतला आणि दुसऱ्या अंगाला ही. पंचांनी तिलाही वाळीत टाकले. तिने पाजणे सोडले नाही.

शलोमी उठली. तिचा नवरा याकोब, मिशनच्या शाळेतला मास्तर, दारात आडवा आला.

“चावडीत बंदुका हायती. कुठं निघालीस?”

“लिंग मागाया.”

“जे सोडलं म्हनून तुझ्या बापाला गावानं टाकलं, तेच? पाद्रीसाहेब काय म्हनतील?”

“पाद्रीसाहेबांनी मला दूध न्हाय पाजलं.”

चावडीत टोळीचा म्होरक्या बाजेवर पसरला होता. तिचे नाव ऐकून तो हसला.

“तू तो ईसाई है ना? बुढिया के पत्थर से तेरा क्या वास्ता?”

“चांदी तुम्ही ठेवा. आतलं लिंग तेवढं द्या.”

“पूजा करेगी?”

“न्हाय. माझा देव येगळा. माझ्या बापाला समद्यांनी सांगितलं, सोड. त्यानं न्हाय सोडला. ही म्हातारीबी सोडंना. मग म्या तिला कोन्या तोंडानं सोड म्हनू?”

एकाने बंदूक उचलली. शलोमीचे पाऊल मागे गेले नाही. म्होरक्याचे हसू मावळले. त्याने नुसते बोटाने मागचा उकिरडा दाखवला.

राखेत, शेणात ती दोन्ही हातांनी चाळू लागली. थोड्या वेळाने तिच्या शेजारी आणखी दोन हात आले. याकोब खाली बसून राख उपसत होता.

लिंग सापडले. ते धुऊन, पदरात घेऊन ती नागम्माच्या माजघरात शिरली. म्हातारीचे ओठ उलले होते.

“कुनी आनलं?”

“म्या, काकू.”

“आक्का, बाटगीनं शिवलंय!” रुद्रम्मा हबकून म्हणाली. “आता ते चालंल का?”

“गप गं! माझ्या दुधाचे हात हायती ते.”

लिंग गळ्यात बांधून घेऊन नागम्माने डोळे मिटले आणि ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. रुद्रम्माने लगबगीने तांब्या भरून आणला. म्हातारीने तिचा हात बाजूला सारला आणि शलोमीकडे पाहिले.

या घरात शलोमीच्या हातचे पाणी कधी कुणी घेतले नव्हते. तिने रुद्रम्माकडून तांब्या घेऊन म्हातारीच्या ओठांना लावला. नागम्मा तळ दिसेपर्यंत पाणी प्यायली.

“फिटलं गं पोरी,” ती म्हणाली. “समदं फिटलं.”

शलोमी रिकामा तांब्या पुन्हा भरून आणायला उठली.