एकेचाळीस नंबरचं झाड

मी आत्याकडे राहून शिकत होते. तिचा मुलगा माझ्याच वर्गात. त्याची उंची बघून सगळे त्याला लांबू म्हणत. आमचा विषय शेतातल्या झाडांचा: पिकांमधून लावलेल्या झाडांच्या रांगा दरवर्षी किती वाढतात ते मोजायचं. प्रात्यक्षिकात नापास झालं की वर्ष वाया. आणि बाबांनी मला आधीच बजावलं होतं, "एक वर्ष जरी गेलं ना, तर सरळ घरी यायचं. बस झालं शिक्षण."

मोजणी जोडीने करायची. एकाने झाडाला फीत गुंडाळून त्याचा नंबर आणि घेर ओरडायचा, दुसऱ्याने तेच आकडे परत ओरडून वहीत लिहायचे. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो. पण लांबूची छाती माझ्या कपाळाशी येते, म्हणून आम्ही खूण केलेली काठी वापरायचो. सरांचा नियम एकच होता: लिहिणाऱ्याने झाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

शेवटच्या दिवशी वरची रांग संपली आणि बांधावरून उतरताना माझा पाय मुरगळला.

"तू इथेच बस," लांबू म्हणाला. "खालची तीस झाडं मी मोजतो. तू ऐकून लिही."

"पण सरांनी सांगितलंय ना..."

"सर काय झाडावर चढून बघतायत? घरच्या माणसावर विश्वास नाही का तुझा?"

होता ना. डोळे झाकून होता. खालची रांग वळणाआड होती. मी दगडावर बसले, सुजलेला पाय पुढे पसरला आणि वही उघडली.

"एकेचाळीस, शहाऐंशी!" तिकडून हाक आली.

"एकेचाळीस, शहाऐंशी!" मी ओरडले.

"बरोबर! आणि याची साल सोललीय, बकऱ्यांनी असेल. शेरा लिही."

मी शेरासुद्धा लिहिला, सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माजच होता.

तोंडी परीक्षेला सरांनी शेताच्या रखवालदारालाही बोलावलं होतं. वही चाळत सर म्हणाले, "खालच्या रांगेची वाढ चांगली दिसते."

रखवालदार गोंधळला. "खालची रांग? सर, ती तर मोजणीच्या महिनाभर आधीच वादळात आडवी झाली. मीच करवत लावून तुकडे केले. नुसते बुंधे उरलेत तिथे."

मी लांबूकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"सर, मी वरच्या रांगेपुरतीच फीत धरली होती," तो म्हणाला. "खालचं हिने काय लिहिलं मला माहीत नाही. वही हिची, अक्षरही हिचंच."

"खोटं बोलतोय हा! हाच आकडे ओरडत होता, सर!"

"तू झाड बघितलंस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. पण नियम संन्याशानेही मोडला होता, आणि तेच जास्त झोंबत होतं. तो पास झाला. मी नापास झाले.

घरी बॅग भरत होते तेव्हा लांबू दारात येऊन उभा राहिला.

"तुझा पाय दुखत होता गं. तुला लवकर सुटता यावं म्हणूनच केलं. मागच्या वर्षीची यादी खिशात होती, प्रत्येकात दोन-दोन मिळवले."

"मग सरांसमोर का नाही बोललास?"

"दोघंही गेलो असतो ना."

"आणि तू बसला कुठे होतास?"

"वळणापलीकडे, बांधाच्या सावलीत. खाली रांगेपर्यंत गेलोच नाही."

इतक्यात आत्या डबा घेऊन आली. "लांबू सोडायला येईल हं तुला. घरचं माणूस असलं की बरं असतं."

मी डबा बॅगेत ठेवला. बाबांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. त्या दिवशी घसा बसेपर्यंत मी तीस आकडे परत ओरडले होते. आणि तो सावलीत बसून दर वेळी, न चुकता, म्हणत होता, "बरोबर!"