निळ्याकडे सरकवलेला ठिपका

माझा नवरा रेमिहिओ जन्मभर फक्त काळे-पांढरे फोटो काढत आला, आणि आमच्या घरात एकच कायदा चालला: डोळा म्हणेल ते खरं. मीटर, तक्ते, मापं हे सगळं त्याच्या मते आळशी लोकांसाठी. डार्करूममध्ये मीही त्याच्याइतकीच वर्षं काढली, हाताची साल घालवली. पण ओला प्रिंट खिडकीशी नेऊन ‘झाला’ म्हणायचा मान त्याचा. मला ते कधी खुपलं नाही, कारण त्याचा डोळा खरोखरच तसा होता.

मग रसायनं मिळेनाशी झाली आणि आम्ही इंकजेटकडे वळलो. प्रिंटर कुठला घ्यायचा यावरून आम्ही दोघांनी घर डोक्यावर घेतलं. माझं म्हणणं, आमचं अख्खं कामागुएय शहर वापरतं तोच घ्यावा, बाटलीतून शाई ओतायचा. तो म्हणाला, ती शाई म्हणजे रंगीत पाणी, आपल्या उन्हात वर्षभरात उडेल. शिवाय तो प्रिंटर रंग कालवून करडा बनवतो, म्हणजे ट्यूबलाइटखाली ठीक आणि दारात आणला की हिरवट. शेजारच्या पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाचा फोटो त्याने मला उन्हात धरून दाखवला. पोरगी आजारी दिसत होती. मी हट्ट सोडला.

शेवटी निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या आमच्या जुन्या एन्लार्जरच्या बदल्यात आम्ही तीन काळ्या शायांचा प्रिंटर मिळवला: एक गडद, एक करडी, एक अगदी फिकी. शाईत खरे रंगकण, कागद सुती. एन्लार्जर दारातून बाहेर गेला तेव्हा रेमिहिओ मागच्या अंगणात जाऊन बसला होता.

सान हासिंतो गावचा साखर कारखाना बंद पडल्यापासून तो तिथल्या माणसांचे फोटो काढत होता, भाचा ठेवून गेला होता त्या डिजिटल कॅमेऱ्यावर. शहरातल्या गॅलरीने त्यांचं प्रदर्शन ठरवलं. ती सगळी माणसं ट्रकमधून येणार होती, स्वतःला भिंतीवर बघायला. शाई उरली होती एका संचापुरती. पनामाहून माल आणणारी बाई नवीन वर्षाशिवाय परतणार नव्हती. चुकलं तर दुसऱ्यांदा छापायची सोय नव्हती.

पहिली चाचणीपट्टी त्याने खिडकीशी नेली आणि म्हणाला, पिवळी आहे. मला तरी ती स्वच्छ करडी दिसत होती. प्रिंटरच्या पडद्यावर टोनचं एक चक्र असतं. ठिपका मधोमध ठेवला की शुद्ध करडा, बाजूला सरकवला की त्या रंगाची झाक. त्याने ठिपका निळ्याकडे सरकवला. मग आणखी सरकवला. तिसरी पट्टी बाहेर आली ती धुतलेल्या कपड्याला नीळ जास्त व्हावी तशी.

“आता बरोबर,” तो म्हणाला.

मी आमचाच एक जुना, डार्करूममधला प्रिंट शेजारी धरला. तो कसा दिसतो, विचारलं.

“पिवळा पडलाय. नीट धुतलाच नव्हता. कोणी धुतला होता?”

“मी.”

“मग बोलायलाच नको.”

मी हसले, पण मग एकेक आठवू लागलं. चादरी मळकट राहतात म्हणून तो अलीकडे कुरकुरत होता. पायरी पायाने चाचपत होता. समोरून गाडीचा दिवा आला की तोंड फिरवत होता. मी दवाखान्यात जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू असणार, त्याने सगळं पिवळट दिसतं; नवऱ्याला घेऊन आलात तर शस्त्रक्रिया साधी आहे. पण जितका उशीर तितका मोतीबिंदू कडक होतो, मग माझीही खात्री नाही.

त्याला आणणं मात्र साधं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाचा डोळा त्या काळच्या शस्त्रक्रियेनंतर कायमचा गेला होता. मी विषय काढताच रेमिहिओ पांढराफटक पडला.

“माझा डोळा ठणठणीत आहे. पुन्हा हे बोललीस तर प्रदर्शन रद्द. खरंच सांगतोय, मिग्दालिया.”

मी पुन्हा बोलले नाही. पण रागाने भांडी आपटली, ती त्याला नीट ऐकू गेली. कान शाबूत होते.

छापायच्या दिवशी वीज दुपारपुरती येणार होती. भिंतींना तारा लावायला त्याला गॅलरीत जाणं भाग होतं. त्याने सगळे फोटो रांगेत लावले, ठिपका निळ्यात रुतवला आणि टोपी घातली.

“तू फक्त बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस.”

वीज आली, पंखा फिरू लागला. बटणावर बोट ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. त्याचं ऐकलं तर सान हासिंतोची माणसं उद्या भिंतीवर निळी पडणार होती, लोक तोंडदेखलं कौतुक करणार होते आणि तो आणखी वर्षभर ‘डोळा ठणठणीत’ म्हणत आंधळा होणार होता. नाही ऐकलं, तर त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट मी त्याच्या पाठीमागे काढून घेणार होते. आमच्या लग्नात आम्ही एकमेकांना शिव्या पुष्कळ दिल्या, पण असं कधी केलं नव्हतं.

मी ठिपका मधोमध आणला आणि बटण दाबलं.

एकेक कागद सरकत बाहेर येत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. अध्येमध्ये वीज गेली असती तर तो कागदही वाया आणि शाईही. फिक्या करड्या शाईचा लाल इशारा कधीचाच लागला होता. शेवटचा प्रिंट, म्हाताऱ्या क्लोतिल्देचा, हातात आला आणि थोड्याच वेळात पंखा थांबला.

रेमिहिओ आला तो सरळ प्रिंट घेऊन खिडकीशी गेला. एक, दुसरा, तिसरा.

“ओले आहेत अजून,” तो अखेर म्हणाला. “सुकले की थंड होतील, निळसर दिसतील.”

डार्करूममध्ये प्रिंट सुकताना टोन बदलतो, तीच सवय. ही शाई तशी बदलत नाही. मला ते ठाऊक होतं आणि मी कॉफी गाळायला आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गॅलरी भरली. मोठ्या खिडक्यांतून ऊन येत होतं. माणसं स्वतःला शोधत, एकमेकांना ढकलत, हसत होती. रेमिहिओ मधोमध उभा राहिला, एका भिंतीकडून दुसरीकडे बघत. मग माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली होता.

“ठिपका कुठे होता?”

“मधोमध.”

“सगळ्यांच्या देखत जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळे फोटो टांगलेस माझे.”

“त्यांना विचार,” मी म्हटलं. मी जवळच्या बाकावर बसले. “माझं नको ऐकूस. त्यांना विचार.”

तो मला मारेल असं नव्हे, पण सगळे प्रिंट भिंतीवरून ओरबाडेल असं क्षणभर वाटलं. तो वळला आणि क्लोतिल्देपाशी गेला. ती स्वतःच्या फोटोसमोर काठी टेकून उभी होती.

“क्लोतिल्देमावशी, हा तुमचा झगा कसल्या रंगाचा दिसतो?”

“कसल्या म्हणजे? पांढरा.” ती चिडली. “घासून धुतला होता मी, पोरा. तू येणार म्हणून.”

त्याने शेजारच्याला विचारलं. मग आणखी एकाला. एका लहान मुलीलाही विचारलं. ती आईच्या मागे लपली आणि तिथूनच ‘पांढरा’ म्हणाली. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. तो सावकाश, बाकांना हात लावत माझ्याकडे आला आणि शेजारी बसला. भावाचं काय झालं ते त्याला त्या क्षणी दिसत असणार. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“तुझे केस?” त्याने विचारलं.

“पांढरे.”

“सगळे?”

“केव्हाचेच.”

“मला वाटायचं, तू काहीतरी लावतेस. सोनेरी दिसायचे. आवडायचे, म्हणून बोललो नाही.”

आता मात्र मला रडू आलं. त्याने माझा हात धरला, त्याचा तळवा घामाने भिजला होता.

“त्या डॉक्टरीणबाईंना सांग, आधी डावा करा,” तो म्हणाला. “तो गेला तर उजवा राहील. पिवळी का होईना, तू दिसशील.”

मी हो म्हटलं. भीती मलाही वाटत होती, पण ते त्याला सांगितलं नाही.