तेवीस टेबलांची पंगत

पेइ-रोंग सातव्या टेबलाखाली ओणवी होऊन शिरली, गुलाबी प्लॅस्टिकच्या कापडाची कड उचलली आणि आत चिकटवलेला पिशव्यांचा गठ्ठा हळूच ओढून काढला. दहा जाड पिशव्या, दहा लाल रबरबँड. टेबलाला दहा माणसं, म्हणून दहा. आ-पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर पहिलं काम हेच केलं होतं. शेगड्या पेटायच्या होत्या, ढीगभर भाजी चिरायची होती, आणि हा माणूस तेवीस टेबलांना पिशव्या चिकटवत हिंडत होता.

"त्यांना सरळ सांगत का नाहीस?" शेजारच्या टेबलाखालून डेरिक म्हणाला. डेरिक याओ हा क्लबचा उपाध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष पेइ-रोंग जिथं अडकेल तिथं तिच्यासोबत अडकणारा.

"तू सांग."

"मी? काकांच्या हातात सुरा आहे."

"मग गप बस आणि काढ."

गोष्ट एका कागदाची होती. हॉल हवा तर कागदावर सही, आणि कागदात लिहिलेलं की शिजवलेल्या अन्नाचा एक घासही हॉलबाहेर जाणार नाही. मागच्या शरद ऋतूत दुसऱ्या एका क्लबच्या जेवणातला भात एका पोरानं खोलीवर नेला, तीन दिवस खिडकीत ठेवला, चौथ्या दिवशी खाल्ला आणि इस्पितळात पोचला. तेव्हापासून तो क्लब वर्षभर बंद. पेइ-रोंगचा तैवानी विद्यार्थ्यांचा क्लब म्हणजे सगळी नऊ टाळकी. गेल्या साली त्यांनी दुधाचा चहा आणि तळलेल्या चिकनचे दोन स्टॉल मांडले, तर चाळीस माणसं फिरकली, त्यातली निम्मी पावसाला आडोसा म्हणून. क्लब आणखी एकदा आपटला तर पुन्हा उभा राहायचा नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं आ-पांना गळ घातली.

आ-पा काय चीज आहे, हे तैवानातल्या आमच्या युनलिनकडच्या माणसाला सांगायला नको. तिकडे लग्न असो की देवळाचा उत्सव, रस्त्यावर मांडव पडतो, गोल टेबलं लागतात आणि बारा पदार्थांची पंगत उठते. सू मिंग-हाय हे आ-पांचं नाव घेतलं की शंभर टेबलं निर्धास्त. पंगत संपली की पाहुणे उरलेलं पिशव्यांत भरून, गाठी मारून घरी नेतात. नेलंच पाहिजे. पिशव्या फुगल्या तर आचाऱ्याचं नाव झालं. रिकाम्या राहिल्या तर एक तर जेवण बेचव, नाहीतर जेवण कमी. दोन्हीत आचाऱ्याचं नाक कापलं जातं आणि पुढच्या लग्नाला गाव दुसरा आचारी बघतं.

तो सू मिंग-हाय एकोणीस वर्षं ओहायोत मेव्हण्याच्या हॉटेलात संत्र्याच्या पाकातलं गोड चिकन परतत होता. पेइ-रोंगनं विचारलं तेव्हा आधी त्यांनी नाही म्हटलं, मग रात्रीच्या जेवणाला काही बोललेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "टेबलं किती?"

"टेबलं नाहीत हो आ-पा, स्टॉल. लोक हातात वाटी घेऊन उभ्यानं खातात."

"उभ्यानं घोडा खातो," आ-पा म्हणाले. "टेबलं किती?"

झालं. गोल टेबलं आली, मधली फिरती ताटं आली, गुलाबी कापड आलं. आ-पांनी तीन दिवस रजा काढली, मेव्हण्याची गाडी घेतली आणि एकोणीस वर्षं माळ्यावर पडलेली मोठी मोदकपात्रासारखी बांबूची पात्रं घासूनपुसून काढली. आईनं फोनवर सांगितलं, "अगं, हा माणूस आंघोळ करताना गातोय." हे ऐकल्यावर कागदाची गोष्ट सांगायची कशी? आज सांगू, उद्या सांगू करता करता शनिवार उजाडला. आणि ती टेबलाखाली शिरली.

शेवटचा गठ्ठा तिनं पाठपिशवीत कोंबला आणि उठली, तोच स्वयंपाकघराचं दार ढकलून आ-पा बाहेर आले. मानेवर टॉवेल, बाह्या कोपराच्या वर. प्रत्येक खुर्ची टेबलापासून वीतभर लांब आहे ना, हे बघत ते तिसऱ्या टेबलापाशी थांबले. सवयीनं त्यांचा हात कापडाच्या कडेखाली गेला. थोडा इकडे, थोडा तिकडे फिरला. मग ते चौथ्या टेबलाशी गेले. तिथंही हात घातला.

पेइ-रोंगनं पाठपिशवीचा पट्टा घट्ट धरला. डेरिकला एकाएकी बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

आ-पांनी तिच्याकडे पाहिलं, पाठपिशवीकडे पाहिलं, दाराशी चिकटवलेल्या कॉलेजच्या नियमांच्या कागदाकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं असं नाही. सावकाश येत होतं.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"तेवीस टेबलं, आ-पा."

"टेबलं नाही विचारली. माणसं."

"दोनशे चोवीस. आमची नऊ धरून."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली, टॉवेलनं हात पुसले आणि आत गेले. पेइ-रोंगला जरा नवल वाटलं. डोकी यजमानानं मोजायची, आचाऱ्यानं दोन टेबलं वरची धरून चुलीला लागायचं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण पिशव्यांचं काही निघालं नाही याच आनंदात ती होती. तिला वाटलं, सुटलो.

सहा वाजता दारं उघडली. पहिली दहा मिनिटं अगदी रडकी गेली. अनोळखी माणसाशेजारी बसायचं म्हटल्यावर पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. मग शिऊ-बी मावशी आली. तैवानी चर्चमधल्या बायकांचा जथा घेऊन तासभर गाडी हाकत ती आली होती. तिनं दोन उंच पोरांना दंडाला धरून खुर्च्यांत बसवलं आणि म्हणाली, "बसा रे. नवरीसारखे उभे काय?" त्यांना शब्द कळले नाहीत, दंड कळला. ती दोघं बसली तशी बाकीची बसली.

पहिलं थंड ताट आलं. मग खेकड्याचा चिकट भात, वाफ सोडत. मग डुकराचं मांस, इतकं मऊ की चमचा लावला की सुटावं. कुणीतरी मधलं ताट जोरात फिरवलं, एक वाटी घसरली, सगळं टेबल हसलं, आणि तिथून पुढे हॉलमध्ये जो गलका सुरू झाला तो थांबेना. पेइ-रोंग ताटं नेत होती, आणत होती. तिचे पाय दुखत होते आणि ती फार सुखात होती. आपल्या बापानं रांधलेलं दोनशे माणसं माना खाली घालून खातायत, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"काका वेडे झालेत," डेरिक तिच्या कानाशी म्हणाला. "ताटात तुकडे मोजून घालतायत. दहा म्हणजे दहा. मी अकरावा घातला तर उचलून परत ठेवला."

"तुझी बोटं लागली असतील त्याला."

गोड रताळी आणि संत्र्याच्या फोडी झाल्या तेव्हा साडेसात वाजले होते. टेबलांवर ताटं उरली होती, ताटांत काही नाही. एका पोरानं तर मांसाच्या रश्श्यात भाताचं शेवटचं ढेकूळ फिरवून ताट आरशासारखं केलं होतं. विद्यार्थी-कार्यालयातल्या मिसेस हॅलोरन हातात कागद अडकवलेली फळी घेऊन कचऱ्याचे डबे बघत हिंडत होत्या. त्या पेइ-रोंगपाशी आल्या. "इतकी निपटून खाल्लेली ताटं मी या हॉलमध्ये बावीस वर्षांत बघितली नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षाची तारीख सोमवारीच येऊन घेऊन जा." त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि तो तिच्या हातात ठेवला.

पेइ-रोंग तो कागद नाचवत स्वयंपाकघराकडे निघाली. दाराशी शिऊ-बी मावशी उभी होती, समोर आ-पा. मावशीच्या हातात घरून आणलेल्या चार पिशव्या होत्या, घडी न मोडलेल्या.

"काय हो मिंग-हाय," मावशी म्हणत होती, "अमेरिकेत येऊन हात आखडला वाटतं. माझ्या टेबलाला घासभर भातसुद्धा उरला नाही. शेजारणीला सांगून आले होते, तुझ्यासाठी आणते म्हणून."

मागच्या बायका हसल्या. वाईट नाही, आपलं माणूस हसतं तशा. पण हसल्या.

आ-पाही हसले. "म्हातारा झालो मावशी. अंदाज चुकला."

"मासाही नाही दिसला."

"विसरलो बघा."

"विसरलात? मासा?" मावशीनं डोळे मोठे केले. "चुलीपासून लांब राहिलं की असं होतं. हात जातो माणसाचा." आणि तिनं प्रेमानं त्यांच्या दंडावर थापटलं. ते थापटणं पेइ-रोंगला टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

बायका गेल्या. आ-पा आत जाऊन कढई घासायला लागले. पेइ-रोंगनं कागद खिशात घातला, दोन बांबूची पात्रं उचलली आणि मागच्या अंगणातल्या गाडीत ठेवायला गेली. गाडीचं मागचं दार उघडलं तर पात्रांना जागा नव्हती. तिथं बर्फाची मोठी पेटी होती. तिनं झाकण उचललं.

बर्फात मासे होते. खवले काढलेले, पोटं साफ केलेले, पाठीवर तिरक्या चिरा दिलेले, आल्याच्या चकत्यांसकट. तिनं वरचे हातानं बाजूला केले आणि खालचे पाहिले. पंचवीस असावेत. तेवीस टेबलांचे, आणि दोन वरचे.

कुणी विसरलेला मासा असा चिरा देऊन ठेवत नाही.

ती आत आली तेव्हा आ-पा पाठमोरे होते.

"आ-पा, मासे गाडीत आहेत."

"हं."

"सकाळी फ्रिजमध्ये होते. मी बघितले होते."

"दुपारी नेऊन ठेवले."

"का?"

कढईवरून घासणी दोनदा फिरली. "मासा येतो तेव्हा पोटं भरलेली असतात. पाहुण्यानं दोन घास घ्यायचे नि बाकीचा बांधायचा. मासा खायला नसतोच गं. न्यायला असतो."

नळाचं पाणी वाहत होतं. पेइ-रोंगनं तो बंद केला.

"पिशव्या मी काढल्या," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मला सांगायचं होतं. रोज सांगणार होते. तुम्ही इतके खुशीत होतात की जीभच रेटेना. आई म्हणाली, तुम्ही गाता आंघोळीला."

"तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही." त्यांनी कढई पालथी घातली. "सही तुझी होती ना त्या कागदावर?"

"हो."

"मग? तू सही करायचीस आणि तुझ्या बापानं लोकांच्या पुढ्यात उरेल इतकं वाढायचं? शिऊ-बीसमोर घासभर जरी उरलं असतं ना, तिनं पर्समध्ये घालून नेलं असतं. तिला कोण अडवणार? तू?"

पेइ-रोंगला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही. "मी जाऊन सांगते मावशीला. गाडी अजून निघाली नसेल. सांगते की तुमचा अंदाज चुकला नाही, नियम होता, आणि मी—"

"कुणाला काही सांगायचं नाही."

"ती सगळ्या चर्चला सांगेल, आ-पा. उद्याच. की सू मिंग-हायचा हात गेला म्हणून."

"सांगू दे. मी सोमवारी गोड चिकन परतायला जाणार आहे. तिथं कोण विचारतंय?" त्यांनी टॉवेल मानेवरून काढला, झटकला, परत मानेवर टाकला. "तुला इथं अजून दीड वर्ष काढायचंय. पोरीनं बापाला पंगतीत अडवलं असं बायकांत झालं, तर तुला ते कायमचं चिकटेल. माझं काय, म्हातारा झाला म्हणतील. तो तर झालोच आहे."

पेइ-रोंगनं ओल्या हातानं खिशातला कागद काढला आणि ओट्यावर सरळ केला.

"काय आहे ते?"

"पुढच्या वर्षाची परवानगी. त्या बाई म्हणाल्या, इतकी निपटून खाल्लेली ताटं त्यांनी बावीस वर्षांत बघितली नाहीत."

आ-पांनी कागद हातात घेतला, लांब धरला आणि सावकाश, एकेक शब्द ओठांनी जुळवत शेवटपर्यंत वाचला.

"बाई बऱ्या आहेत," ते म्हणाले. "पण हेच माझ्या बापाला कुणी म्हटलं असतं, तर त्यानं दुसऱ्या दिवशी कढई विकली असती."

आणि ते हसायला लागले. खरंच हसायला लागले, ओटा धरून. पेइ-रोंगही हसली आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. मानेवरचा टॉवेल काढून तिच्या खांद्यावर टाकला.

"चल," ते म्हणाले. "बर्फ वितळतंय. पेटीची एक बाजू धर."