खिशातले प्यादे

अंब्रुशदादा केलेमेनच्या जाकिटाला दोन खिसे होते. डाव्या खिशात त्याचे घड्याळ असे आणि उजव्यात माझे प्यादे.

पट मांडून झाला, की तो आपल्या काळ्या फौजेतले, राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन बोटांनी उचलायचा, क्षणभर उजेडात धरायचा आणि खिशात टाकायचा. मग म्हणायचा, "हं बेनी, कर सुरुवात." एका प्याद्याची सूट आणि वर पहिली चाल माझी. ही सूट तो मला अठराशे बेचाळीस सालापासून देत होता. मी मागितली नव्हती. मला बरोबरीने खेळायचे होते, सोळाला सोळा. तीस वर्षांत त्याने एकदाही खेळू दिले नाही.

सूट देण्याची पद्धत काही त्याने काढलेली नव्हती. पेश्टच्या सगळ्या कॉफीघरांत तीच होती. वरच्याने खालच्याला सूट द्यायची, आणि किती सूट यावरून माणसाची पायरी ठरायची. आमच्या 'कासव' कॉफीघरात सगळ्यांत वर अंब्रुशदादा, बर्लिन आणि पॅरिसच्या उस्तादांशी बरोबरीने खेळून आलेला. त्याच्या खाली मी. माझ्या खाली उरलेले सगळे, आणि त्यांना सूट देताना मीही काळे मोहरे घेऊन तेच प्यादे काढून ठेवायचो. म्हणजे वरच्याशी खेळा नाहीतर खालच्यांशी, पटावरचे ते एक घर कायम रिकामे. तिथे कुणी उभे असते हे मी फक्त पुस्तकांत वाचले होते.

त्या रिकाम्या घरावर मी माझा सगळा खेळ बांधला. दुसरे करणार काय? संधी साधून घोड्याचा बळी द्यायचा, वजीर पटाच्या कडेला न्यायचा आणि तिथून तिरपा शह द्यायचा, थेट राजाला. मध्ये आडवे यायला ते प्यादे नसायचेच. कॉफीघरात या हल्ल्याला 'बेनीची तिरपी' म्हणत. औषधवाला गास्पार, ज्याला मी वीस वर्षे हरवत आलो, तो तर मला रस्त्यात भेटला तरी "तिरपी कशी आहे?" असे विचारायचा, जणू ती माझी बायको.

बरोबरीवर यायचा मार्ग नव्हता असे नाही. दहा डावांत सात जिंकले, की एक पायरी वर. सेहेचाळीस साली मी सात जिंकले. अंब्रुशदादाने नाक पुसले आणि म्हणाला, "मला सर्दी होती." एकोणपन्नास साली नदीपलीकडच्या बुडा शहरावर तोफा चालल्या, आमच्या खिडक्या फुटल्या, कॉफीघर कित्येक आठवडे बंद होते. ते उघडले त्या रविवारी, इतकी माणसे गेली होती, आमचे हंगेरीचे राज्य गेले होते, आणि हा गृहस्थ खुर्चीवर बसला, प्यादे उचलले आणि खिशात टाकले. मला वाटले, पट त्याच्या डोक्यात घालावा.

पंचावन्न साली पुन्हा संधी आली. नऊ डावांत सहा माझे, आणि दहाव्यातही मीच वरचढ. चाल विचारात होतो तेव्हा माझ्या बाहीचा काठ माझ्या उंटाला लागला.

"हात लागला," अंब्रुशदादा म्हणाला.

"बाही लागली, दादा."

"बाहीत हातच असतो. हलव उंट."

उंट हलवता येत नव्हता, कारण तो हलला असता तर माझ्याच राजाला शह बसला असता. अशा वेळी नियम काय? हात लावलेला मोहरा हलत नसेल, तर शिक्षा म्हणून राजा हलवायचा. मी राजा हलवला आणि पाच चालींत हरलो. घरी जाताना पुलावर मधोमध उभा राहून मी नदीला शिव्या दिल्या. मी नदीखात्यात नकाशे काढतो. नदीला माझी सवय आहे.

हे सगळे मी गिळले असते. पण लाइपझिगच्या बुद्धिबळ मासिकात माझे डाव छापून यायचे ते असे: 'शिमोर बेनेडेक, पेश्ट (प्यादे घेऊन खेळणारे)'. तो कंस माझ्या नावाला जन्माचा चिकटला. बर्लिनहून पाहुणे उस्ताद आले की अंब्रुशदादाशी खेळत आणि मला विचारत, "आपण तेच ना, कंसातले?"

बहात्तर साली व्हिएन्नाला मोठी स्पर्धा भरायची ठरली. मी चोपन्न वर्षांचा होतो. पुन्हा अशी स्पर्धा इतक्या जवळ भरेपर्यंत माझे डोळे राहतील याची खात्री नव्हती. मी अर्ज केला. उत्तर आले: 'सूट घेऊन खेळणाऱ्यांस प्रवेश नाही. तरी आपण एखाद्या मान्यवर उस्तादाशी बरोबरीने खेळलेला एक डाव, सर्व चालींसह आणि दोघांच्या सह्यांनिशी, महिनाअखेरपर्यंत पाठवावा. हारजीत गौण आहे. खेळ पाहिला जाईल.'

एक डाव. हरलो तरी चालेल असा एक डाव!

मी पत्र अंब्रुशदादापुढे ठेवले. त्याने ते वाचले, घडी घातली, परत दिले आणि पट मांडायला घेतला. दोन बोटे प्याद्याकडे निघाली.

"दादा, आज नको," मी म्हणालो. "पाया पडतो हवं तर."

"अरे, पण मजा काय त्यात? तू हरशील."

"हरू द्या की! तीस वर्षं माझ्या हरण्याची तुम्हालाच काय एवढी काळजी?"

गल्ल्यावर रोझाबाई बसायची, कॉफीघराची मालकीण. नवरा गेल्यापासून दुकान तिचे आणि जीभही तिचीच. ती तिथूनच ओरडली, "द्या की हो एकदा, अंब्रुश! प्यादं मागतोय तो, तुमची द्राक्षाची बाग नाही मागत."

सगळे हसले. अंब्रुशदादाचे कान लाल झाले. "ठीक आहे," तो म्हणाला. "रविवारी, दोन वाजता."

त्या रविवारी मी नवा कोट घातला, बाह्या मागे दुमडून घेतल्या. गास्पार दुकान बंद करून आला होता. रोझाबाईने पोगाचे, म्हणजे खारे छोटे पाव, तळघरातल्या भट्टीतून गरम आणून टेबलावर ठेवले आणि कुणाला हात लावू दिला नाही. पट अंब्रुशदादाचा स्वतःचा होता. त्याचे काळे मोहरे वापरून वापरून झिजले होते, रंग उडून लाकूड दिसत होते. ते एक प्यादे मात्र कोरे करकरीत, काळेभोर. आज ते आपल्या घरात उभे होते. मी त्याच्याकडे पाहिले आणि खरे सांगतो, माझे डोळे भरून आले. चिठ्ठ्या टाकल्या. पांढरे मोहरे आणि पहिली चाल मला आली.

दोन-दोन चाली झाल्या. त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे आणले होते आणि त्याला बाजूच्या प्याद्याचा आधार दिला होता. ही मांडणी मी शेकडो वेळा फोडली होती. माझा हात निघाला. घोडा त्या प्याद्यावर आदळला. त्याने घोडा मारला. मी वजीर कडेला नेला आणि सगळ्या कॉफीघराला ऐकू जाईल असे म्हणालो, "शह!"

 मग गास्पारने मान पुढे काढली.

"शह? कुणाला, बेनी?"

मी पटाकडे पाहिले. माझ्या वजिराची तिरपी रेघ राजापर्यंत जातच नव्हती. मध्ये ते काळेभोर प्यादे उभे होते.

हसायला आधी गास्पारने सुरुवात केली, मग सगळेच. रोझाबाईसुद्धा पदर नसलेल्या बाईने तोंड लपवावे तसे एप्रनमध्ये तोंड घालून हसली. घोडा गेला होता, फुकट. महिनाअखेरचा डाव गेला होता. तीस वर्षे मागितलेली गोष्ट मी चार चालींत घालवली होती, आणि तीही मूर्खासारखी ओरडून.

अंब्रुशदादा मात्र हसला नाही. "गप्प बसा रे," तो म्हणाला. "सवय असते हाताला. बेनी, असं करू, मी हे काढतो. म्हणजे तुझा शह खरा होईल. डाव चांगला होईल, लोकांनाही बघायला मिळेल." आणि त्याची दोन बोटे प्याद्यावर आली. ते पटापासून बोटभर वर उचललेही.

त्याच्या चेहऱ्यावर दया होती. तीच माझ्या डोक्यात गेली.

"हात लावलात," मी म्हणालो.

"काय?"

"मोहऱ्याला हात लावलात, अंब्रुशदादा. हलवा."

"अरे, मी तुझ्यासाठी..."

"हलवा. हलत नाही ना? हललं तर माझ्या वजिराचा शह बसतो. मग ठेवा परत जागेवर आणि राजा हलवा. पंचावन्न सालचा नियम आहे. तुम्हीच शिकवला."

"बेनी, अरे काहीतरी लाज!" रोझाबाई म्हणाली. गास्पार म्हणाला, "हा काय खेळ झाला?" मी कुणाकडे पाहिले नाही. अंब्रुशदादाने प्यादे जागेवर ठेवले.  मग त्याने राजा एक घर पुढे सरकवला, उघड्यावर. मी वजिराने पुढचे प्यादे खाऊन शह दिला. एक घोडा कमी असूनही डाव माझ्याकडे झुकला, कारण त्याचे लक्षच उडाले होते. म्हातारा चाली करत होता, पण बघत नव्हता. चौतिसाव्या चालीला मी मात केली. टाळी एकही वाजली नाही. पोगाचे गार झाले होते.

मी कागद काढला. चाली लिहिल्या आणि सहीसाठी पुढे केला.

"चौथ्या चालीपुढे लिही," तो म्हणाला. "'पांढऱ्याने शह म्हटले, शह नव्हता.' आणि त्यापुढे लिही, 'काळ्याने प्याद्यास हात लावला म्हणून राजा हलवावा लागला.' अर्धवट कागदावर मी सही करत नाही."

मी लिहिले. त्याने सही केली, टोपी घेतली आणि निघाला. दारात थांबून म्हणाला, "बरोबरीने खेळून हरला असतास तर तू यायचा बंद झाला असतास. म्हणून ते प्यादं उचलत होतो मी. सर्दी वगैरे नव्हती मला."

 कागद व्हिएन्नाला पाठवला. बरोबरीचा डाव होता, जिंकलेला होता, दोन सह्या होत्या. आठ दिवसांत उत्तर आले: 'आपण पाठवलेला विनोद समितीच्या जेवणात वाचून दाखवला. सर्वांची हसून पुरेवाट झाली. आता कृपया खरा डाव पाठवावा.'

ते पत्र घेऊन मी कासवात गेलो. अंब्रुशदादा येणार नाही असे वाटले होते, पण तो होता. त्याने पत्र वाचले. यालाही तो हसला नाही. सोळाला सोळा मोहरे मांडले आणि म्हणाला, "बस. अजून तीन रविवार आहेत."

तीन रविवार आम्ही बरोबरीने खेळलो. मी एकविसाव्या चालीला हरलो, मग सव्विसाव्या, मग एकोणिसाव्या. तिरपी उपयोगाची नव्हती आणि दुसरे मला काही येत नव्हते. चोपन्न वर्षांचा उस्ताद, आणि पटाच्या त्या कोपऱ्यात काय करायचे असते हे ठाऊक नाही. संताप कुणावर काढू? त्याच्यावर काढायचा, तर तो समोर बसून मनापासून खेळत होता.

"सव्वीस चालींचा पाठव," तो म्हणाला. "वाईट नाही."

मी घरी जाऊन तो डाव एकट्याने मांडून पाहिला. प्रत्येक चालीत एक माणूस त्या प्याद्याला वळसा घालून चालला होता. लाइपझिगवाल्यांनी तो कंस उगाच छापला नव्हता. मी कागद फाडला. महिना संपला.

पुढच्या रविवारी अंब्रुशदादाने पट मांडला. हात मांडीवर ठेवून तो थांबला. त्याची बोटे हलली नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि गल्ल्यावरून रोझाबाईही.

मी हात लांब केला, ते प्यादे उचलले आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकले.

"हं, दादा," मी म्हणालो. "करतो सुरुवात."

बाराव्या चालीला मी घोडा दिला. तेराव्याला वजीर कडेला नेला आणि हळूच म्हणालो, "शह."

अंब्रुशदादाने मान हलवली आणि राजा सरकवला.